पिशाच्चं ठीक आहेत, पण मधले दिवस कुठे गेले?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत रक्तपिपासू पिशाच्चांच्या सिनेमांवर लेख आला होता. त्यात 'थर्टी डेज ऑफ नाइट' या २००७ सालच्या सिनेमाला लेखकाने चार ओळींत निकालात काढलं आहे. बर्फ, रक्त आणि आरडाओरडा यापलीकडे त्यात काही नाही, असं त्यांचं म्हणणं. वर, महिनाभर सूर्यच उगवत नाही ही कल्पना जरा अतिच ताणलेली आहे, असाही शेरा. हा दुसरा शेरा वाचून मी कागद-पेन घेतलं, आणि लिहायला बसल्यावर पहिल्याबद्दलही बोलावं लागेल असं दिसलं. पत्र लांबेल. जागा नसेल तर कात्री लावा, फक्त शेवटची दुरुस्ती तेवढी छापा.

आधी माझा अधिकार काय ते सांगतो. मी फौजेतला माणूस. ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, डिझेल मेकॅनिक म्हणून भरती झालो, सुभेदार होऊन घरी आलो. नव्वदच्या दशकात अंटार्क्टिकातल्या आपल्या 'मैत्री' केंद्रावर एक हिवाळा काढला. काम एकच, जनरेटर बंद पडू द्यायचा नाही. सिनेमातलं मला फार कळत नाही. पण गावाला रस्ता नाही, विमान नाही, बाहेर उणे तीस आणि आठवडेच्या आठवडे सूर्य नाही, हे प्रकरण मला आतून ठाऊक आहे. त्यामुळे नातवाच्या लॅपटॉपवर हा सिनेमा बघताना नातू जिथे उशी तोंडावर घेत होता तिथे मी चहा पीत होतो, आणि जिथे तो मोबाइल चाळायला लागला तिथे मी सरसावून बसलो.

आता ते 'ताणलेलं' प्रकरण. सिनेमातलं गाव बॅरो, अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला. हे काल्पनिक गाव नाही. ७१ अंश उत्तर अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्याही पाचशे किलोमीटर पलीकडे, समुद्राच्या काठावर ते आजही नांदतं आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे ४,९२७ माणसं होती. तिथला सूर्य १८ नोव्हेंबरच्या आसपास मावळतो तो २२-२३ जानेवारीला तोंड दाखवतो. म्हणजे दोन महिन्यांहून जास्त. सिनेमावाल्यांनी कल्पना ताणलेली नाही, उलट निम्मी करून घेतली आहे! एवढी लांब रात्र दाखवली असती तर प्रेक्षकांनीच विश्वास ठेवला नसता, असं त्यांना वाटलं असावं. लेखकाचा शेरा बघता ते बरोबरच निघालं म्हणायचं.

मात्र खऱ्या बॅरोत त्या दिवसांत काळंकुट्ट नसतं. दुपारच्या सुमाराला दक्षिणेकडचं आभाळ उजळतं, निळसर-गुलाबी होतं. भर डिसेंबरातसुद्धा दोन-तीन तास बाहेरचं सगळं नीट दिसेल इतका उजेड असतो. सूर्य क्षितिजाच्या थोडा खाली असतो इतकंच. शाळा चालू असतात, दुकानं उघडी असतात, अँकरेजकडून जेट विमानं अंधारातही येऊन-जाऊन असतात. सिनेमात दाखवलंय तसं निम्मंअधिक गाव शेवटच्या विमानाने पळून जात नाही. सिनेमात वेशीवरच्या पाटीवरचा लोकसंख्येचा आकडा ५६३ वरून १५२ वर आणतात. खऱ्या गावाने ही पाटी बघून हसून घेतलं असेल. आणि बर्फाचं म्हणाल तर तो भाग पावसापाण्याच्या हिशेबाने वाळवंटात मोडतो. नवीन बर्फ फार पडत नाही, आहे तोच वारा इकडून तिकडे उडवत बसतो. पण तो वारा सुटला की हात लांब केला तर स्वतःचा पंजा दिसत नाही. सिनेमात असं वादळ येतं आणि त्याच्या आडोशाने लपलेली माणसं दुकान गाठतात. हा प्रसंग मात्र फार नेटका जमलाय. मैत्रीवर वादळात एका इमारतीतून दुसरीकडे जाताना दोर धरूनच जायचं असा नियम होता. पन्नास पावलांवरच्या दारासाठी दोर कशाला, असं पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच वाटतं.

एक गोष्ट माझ्या मेकॅनिकी डोक्याला छळत राहिली. सूर्य लागला की पिशाच्च जळतं, या एका नियमावर हा सगळा डोलारा उभा आहे. पण हा नियम काही पूर्वापार नाही. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला सरदार लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. उजाडताच पिशाच्च विरून जातं हे पडद्यावर आणलं मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाने, १९२२ च्या 'नोस्फेरातू'मध्ये, आणि तेव्हापासून तेच चालू आहे. बरं, नियम मान्य केला तरी बॅरोत पहिल्या दिवशी सूर्य येतो तो दुपारी, क्षितिजाला घासून, आणि तासाभराच्या आत पुन्हा गडप होतो. इतक्या तिरप्या उन्हात अतिनील किरण नावालासुद्धा उरत नाहीत. सिनेमात शेरीफच्या, म्हणजे गावच्या पोलीसप्रमुखाच्या, आजीच्या घरातला अतिनील दिवा पिशाच्चाचं तोंड भाजून काढतो, ते एक वेळ चालेल. पण जानेवारीतल्या त्या उन्हाने पिशाच्चाला चटकाही बसणार नाही, असा माझा हिशेब आहे. आपल्याकडच्या भुतांचं बरं, त्यांना अमावस्या पुरते आणि कोंबडा आरवला की ती आपणहून निघतात.

हे सगळं सोडून द्या. सिनेमाचा पहिला अर्धा तास मला का आवडला ते सांगतो, कारण लेखकांनी त्याचा उल्लेखही केलेला नाही.

रक्ताचा एक थेंब सांडण्याआधी गावात काय काय होतं बघा. शेरीफला गावाबाहेर जळून वितळलेल्या फोनचा ढीग सापडतो. मग कुणीतरी गाडीला जुंपायचे कुत्रे मारून टाकतो. मग हेलिकॉप्टरची मोडतोड होते. मग दूरसंचार केंद्रातला माणूस जातो आणि पाठोपाठ वीज जाते. हा क्रम ज्याने लिहिला त्याला तुटक्या ठाण्याचं गणित पक्कं माहीत आहे. आधी निरोप जायची वाट, मग माणूस जायची वाट, शेवटी ऊब. पिशाच्चं भिंत फोडून आत येतात तेव्हा खरं तर काम झालेलं असतं. पुढचं नुसतं आवरायचं.

आम्हाला अंटार्क्टिकाला जाण्याआधी ट्रेनिंगमध्ये हेच उलट बाजूने शिकवलं होतं, की अमुक बंद पडलं तर तमुक किती तास टिकेल. मैत्रीवर पाणी येतं प्रियदर्शिनी सरोवरातून. वरती जाड बर्फ, खाली पाणी, तिथे पंप. पाइप गरम ठेवावा लागतो. पाइपला ऊब द्यायला वीज, विजेला जनरेटर, जनरेटरला इंधन, आणि इंधनही साधं चालत नाही. आपल्याकडचं डिझेल तिथे बाहेर ठेवलं तर त्यात मेण धरतं आणि फिल्टर बसतो. म्हणजे वीज गेली की पाणी गेलं, पाणी गेलं की स्वयंपाक आणि संडास गेला, आणि आग लागली तर विझवायला काही नाही. कोरड्या हवेत आगीची भीती तिथे सगळ्यात मोठी. आम्ही दोन जनरेटर आलटून पालटून चालवायचो. लोड एकावरून दुसऱ्यावर घेताना दिवे क्षणभर पिवळे पडायचे. तेवढ्या क्षणात मेसमधले सगळे बोलायचे थांबायचे. कुणी वर बघायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही, हातातला घास हातात. दिवे पांढरे झाले की अर्ध्यावर राहिलेलं वाक्य जिथल्या तिथून पुढे सुरू. मी जनरेटर खोलीतून परत आलो की एखादा म्हणायचा, 'साहेब, सांगून करत जा ना.' सांगूनच केलेलं असायचं.

म्हणून बॅरोतले दिवे जातात तो प्रसंग माझ्या अंगावर आला, आणि नंतरची मारामारी नाही. वरून, घारीच्या नजरेने, आख्ख्या गल्लीतली कत्तल दाखवणारा एक लांब शॉट आहे. त्याचं लोक फार कौतुक करतात. तो छान आहे, मान्य. पण ते सगळं दिवे गेल्यावरचं.

बॅरोची आणखी एक खरी गोष्ट सिनेमात आली आहे आणि कुणाच्या लक्षात येत नाही. शेवटाकडे माणसं ज्या भुयारी केंद्रात आसरा घेतात ते 'युटिलिडॉर' खरोखर आहे. तिथली जमीन कायमची गोठलेली. त्यात उघडा पाइप पुरला तर आतलं पाणी गोठतं, आणि पाइप गरम ठेवला तर भोवतालची जमीन वितळून खचते. दोन्हीकडून मरण. म्हणून ऐंशीच्या दशकात तेलाच्या पैशातून त्यांनी जमिनीखाली बंद, उबदार बोगदा काढला आणि पाणी, सांडपाणी, विजेच्या तारा त्यातून नेल्या. सिनेमातलं मैल्याचे तुकडे करणारं दातेरी यंत्रही काही दिग्दर्शकाच्या डोक्यातून निघालेलं नाही, सांडपाण्याच्या केंद्रांवर अशी यंत्रं असतात. (त्याचा वापर मात्र जेवताना बघू नये.) सगळं गाव काळोखात आणि हा एकच भाग चालू, हे मला पटलं. मीही तिथेच गेलो असतो.

आता माझी खरी तक्रार. नाव 'थर्टी डेज'. पण ते तीस दिवस सिनेमात आहेत कुठे? पहिली रात्र तासभर चालते. मग माणसं एका घराच्या माळ्यावर लपतात आणि पडद्यावर अक्षरं येतात, सातवा दिवस. थोडी पळापळ, आणि अठरावा दिवस. पुन्हा पळापळ, आणि सत्ताविसावा. मधल्या दिवसांचं काय झालं? सात-आठ माणसं त्या माळ्यावर काय खात होती, बादलीत लघवी केली तर ती कुठे ओतत होती, कुणाला खोकला आला तर काय केलं? शेरीफची दाढीसुद्धा महिन्याभराची वाटत नाही. दिग्दर्शक डेव्हिड स्लेडने जे जपलं, मारामारी, ते दर तिसऱ्या सिनेमात मिळतं. आणि जे फक्त या गोष्टीतच मिळालं असतं ते दोन पाट्यांच्या मध्ये घालवलं.

कारण लांब रात्रीत माणूस पहिल्या दिवशी घाबरत नाही. पहिल्या दिवशी उत्साह असतो. मैत्रीवर मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात सूर्य गेला तेव्हा आम्ही बाहेर उभे राहून फोटो काढले, शिरा केला. २१ जूनला मिडविंटर, म्हणजे दक्षिणेकडच्या हिवाळ्याचा मध्य असतो, सगळ्या देशांची केंद्रं एकमेकांना शुभेच्छा पाठवतात, तिथवर गाडी ढकलली जाते. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन केंद्रात तर शेवटचं विमान गेलं की सगळ्यांनी मिळून 'द थिंग' हा बर्फातल्या केंद्राचाच भयपट बघायची रीत आहे म्हणे. हौस असते तेव्हा. मिडविंटरनंतर मात्र हौस सरते. झोपेची वेळ दररोज पुढे सरकत जाते. पहाटे तीनला कुणीतरी मेसमध्ये बसून थंड पोळी खात असतो आणि आपण तिथे गेलो तर दोघांनाही चोरी पकडल्यासारखं होतं. आमच्यात हवामान खात्याचा एक अतिशय सज्जन माणूस होता. स्टीलच्या ग्लासात चहा घ्यायचा आणि साखर ढवळताना चमच्याचा टिंग टिंग आवाज करायचा. सुरुवातीला कुणाला काही वाटलं नाही. जुलैत एका रात्री फौजेच्या सिग्नल (संदेशवहन) शाखेतल्या एका हवालदाराने उठून त्याच्या हातातला चमचा काढून घेतला, दार उघडलं, चमचा बाहेर फेकला, दार लावलं आणि जागेवर येऊन बसला. कुणी हसलं नाही. त्या सज्जन माणसाने नंतरचे कित्येक दिवस बोटाने साखर ढवळली. डॉक्टर लोकांकडे याला विंटर-ओव्हर सिंड्रोम असं नाव आहे. आमच्याकडे 'त्याला सूर्य लागतोय' एवढंच म्हणायचे.

आता असा चमचा त्या माळ्यावर असता, आणि खाली गल्लीत ऐकणारी पिशाच्चं असती, तर? त्याहून भयंकर मला काही सुचत नाही. सिनेमात याची एक चुणूक आहे. माळ्यावरच्या मंडळींत स्मृतिभ्रंश झालेला एक म्हातारा आहे, बाहेर जायचं म्हणतो, त्याला काही समजत नाही, आणि मुलगा त्याला आवरत असतो. बाकीचे त्या दोघांकडे बघतात. त्या बघण्यात सगळं आहे. म्हातारा वैरी नाही, आपलाच आहे, आणि तरी त्याच्यामुळे सगळे मरणार हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वाचता येतं. दुसरा प्रसंग, एका बाईला आमिष म्हणून रिकाम्या रस्त्यावरून चालवत नेतात, ती मदतीला हाका मारते आणि लपलेल्यांनी हलायचं नसतं. हे दोन प्रसंग धरून अर्धा सिनेमा उभा राहिला असता. लेखकांनी 'नुसता आरडाओरडा' म्हटलं त्यात हे दोन्ही वाहून गेले.

आणखी एक गोष्ट राहिली. बॅरो हे मुळात इनुपियात या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचं गाव, आजही तिथली निम्म्याहून जास्त वस्ती त्यांची. सिनेमा न्यूझीलंडमध्ये चित्रित झाला आणि हे लोक त्यात औषधाला सापडतील तेवढेच. नीतिमत्तेचा प्रश्न मी काढत नाही, मी कोठीचा प्रश्न काढतो. सिनेमातली माणसं अन्नासाठी जीव धोक्यात घालून किराणा दुकान गाठतात. खऱ्या बॅरोत शरद ऋतूत देवमाशाची शिकार होते, आणि ते मांस गोठलेल्या जमिनीत खणलेल्या तळघरांत ठेवतात. तिथल्या जुन्या घरांना ते जमिनीखालचं कोठार असतं. पांढरी अस्वलं गावात शिरतात म्हणून बंदुका घरोघरी. हजारो वर्षं ही रात्र काढत आलेली माणसं. पिशाच्चं जहाजातून उतरून अशा गावात शिरली असती, तर एखाद्या म्हातारीने तळघरात बसून महिनाच काय, अख्खा हिवाळा काढला असता आणि जावयाला बंदूक साफ करायला लावली असती. तो सिनेमा मी तिकीट काढून बघेन. हल्ली हवा तापत चालल्यामुळे तीच तळघरं ओलावतायत, काहींत पाणी भरतंय, असं वाचतो. तो वेगळा विषय आहे.

शेवट सांगून कुणाचा रसभंग करत नाही. सूर्य उगवतो एवढं सांगितलं तर चालेल, ते नावातच आहे.

आता दुरुस्ती. लेखासोबत जे छायाचित्र छापलंय त्याच्याखाली 'अंटार्क्टिकातील गाव' असं आहे. अंटार्क्टिकात अशी गावं नाहीत, संशोधन केंद्रं आहेत. बॅरो उत्तर ध्रुवाकडे, मैत्री दक्षिण ध्रुवाकडे. बॅरोत डिसेंबरात रात्र असते तेव्हा मैत्रीवर चोवीस तास ऊन असतं. आणि सिनेमात कुत्रे मारतात ते अंटार्क्टिकात शक्यच नाही, तिथून १९९४ पर्यंत सगळे कुत्रे करारानुसार हलवले गेले. शिवाय गावाचं नावही आता बॅरो राहिलेलं नाही. २०१६ साली तिथल्या लोकांनी मतदान करून 'उत्कियाग्विक' हे जुनं नाव परत घेतलं. पुढच्या रविवारी हे छापावं, चौकटीत नसलं तरी चालेल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त सुभेदार,
कोरेगाव, जि. सातारा